कॅम्पचं मैदान टीपीत गेलं, नव्या जागेला शेजाऱ्यांचा वांधा. आता काय करावं?

तंबूवाला | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, बडोद्यातल्या आणि बडोद्याबाहेरच्या, सगळ्यांनाच विचारतोय.

आमच्या मंडळाचं शहराच्या पश्चिमेला कॅम्पचं मैदान आहे. सत्तरच्या दशकात ट्रस्टच्या नावाने घेतलेली चार विघे जमीन. तेव्हा आजूबाजूला कपाशी आणि तूर होती, आता तीन बाजूंनी सात मजली इमारती आहेत. मे महिन्यात मुलांची शिबिरं, दिवाळीनंतर शाळांचे रात्रमुक्काम, थंडीत सायकलवाले, अधूनमधून नर्मदा परिक्रमेचे लोक आणि अलीकडे कॅराव्हान घेऊन फिरणारी जोडपी. माणशी दीडशे रुपयांत स्वतःचा तंबू ठोकून झोपता येईल अशी दुसरी जागा शहरात मला तरी ठाऊक नाही.

आता टीपी स्कीम (टाउन प्लॅनिंग, म्हणजे नगररचना योजना) आली. मसुद्याच्या नकाशात मैदानातून १८ मीटरचा रस्ता जातो, तोही नेमका स्वयंपाकाच्या शेडवरून आणि निंबाच्या रांगेवरून. आम्हाला बदली म्हणून फायनल प्लॉट दिलाय दीड किलोमीटर लांब, कोतराच्या, म्हणजे पावसाच्या पाण्याने कापलेल्या घळीच्या, कडेला. तिथे एका बाजूला बंगल्यांची सोसायटी, दुसऱ्या बाजूला गाव. दोघांनीही आम्ही यायच्या आधीच वांधा अर्ज (हरकती) टाकलेत: आवाज, शेकोट्या, रात्री परके लोक, अरुंद रस्ता. म्हणजे जुन्या जागेवरून उठवणार आणि नव्या जागेवर बसू देणार नाहीत.

ट्रस्टींमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो मिळतंय ते घ्या, दुसरा म्हणतो कोर्टात जाऊ. हरकतीची महिन्याची मुदत चालू आहे आणि तिच्यातले बरेच दिवस मीटिंगांत गेले. हरकत लिहायची कशी, आणि या शेजाऱ्यांशी बोलायचं काय? गावाचं नाव मुद्दाम देत नाही, प्रकरण चालू आहे.

रावपुऱ्याचा_राणा | रविवार, रात्री ९:५२

मी पयला! शेव-उसळ घेऊन बसलोय, चालू द्या.

मांडवीची_माई | रविवार, रात्री १०:०५

अरे देवा, निंबाची रांग जाणार? माझी दोन्ही मुलं तिथेच तंबूची खुंटी ठोकायला शिकली. खुंटी दोराकडे झुकवून ठोकायची नाही, उलट झुकवायची, हे त्यांनी घरी येऊन मला गादीवर सुई टोचून दाखवलं होतं. कायद्याचं मला कळत नाही, पण सही हवी असेल तर सांग.

बिनधास्त_बिल्डर | रविवार, रात्री १०:३१

कोणालाच आवडणार नाही, तरी बोलतो. शहर वाढलं की तंबू बाहेर जाणारच. आजच्या भावाने कोट्यवधींची जमीन आणि तिच्यावर दीडशे रुपयांत मुक्काम, हे कोणत्या हिशोबात बसतं? ट्रस्टने जमीन सरळ विकावी, जांबुघोड्याकडे दसपट शेत घ्यावं. मुलांना तारे दिसतील, गोत्री रोडचे सोडियम दिवे नाही. हलके घ्या.

नकाशेवाला | रविवार, रात्री ११:१८

बिल्डरभाई, ऐकायला सोपं आहे. पण सार्वजनिक ट्रस्टची जमीन ट्रस्टींना परस्पर विकता येत नाही, चॅरिटी कमिशनरची आधी परवानगी लागते. आणि गुजरातेत शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. ट्रस्ट काही शेतकरी नाही. म्हणजे विकायला एका कचेरीचे खेटे आणि घ्यायला दुसऱ्या. जांबुघोडा तर अभयारण्याचा भाग, तिथे आजूबाजूलाही निर्बंध आहेतच.

तंबूवाला, नोकरीत असताना मी याच कामात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टीपी म्हणजे जमीन संपादन नव्हे, हे ट्रस्टींच्या डोक्यात आधी बसवा. १९७६ च्या गुजरातच्या नगररचना कायद्यात सगळ्यांच्या जमिनी एकत्र करतात, रस्ते आणि आरक्षणं काढतात, आणि उरलेलं मालकांना परत वाटतात. जुना तो ओपी (ओरिजिनल प्लॉट), नवा तो एफपी (फायनल प्लॉट). कपात साधारण ४० टक्के धरतात. तुमचे चार विघे म्हणजे सुमारे साडेनऊ हजार चौरस मीटर, त्यातले ५७०० च्या आसपास हातात येतील. यावर रडत बसू नका, शेजारच्या शेतकऱ्याचीही तितकीच गेलीय आणि कपातीविरुद्धचा अर्ज कोणी फारसा वाचत नाही.

भांडायची गोष्ट वेगळी आहे: एफपी कुठे दिला. शक्यतो ओपीच्या जागीच किंवा त्याच्या जवळ द्यायचा असा रिवाज आहे. दीड किलोमीटर लांब का दिला, हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं लेखी उत्तर मागता येतं.

दुसरं, हे फार थोड्यांना माहीत असतं. मसुद्याला सरकारची मंजुरी मिळाली की रस्त्याची जमीन प्राधिकरणाकडे जाते. प्रिलिमिनरी आणि फायनल हे स्कीमचे पुढचे टप्पे वर्षानुवर्षं चालतात. म्हणजे तुमची शेड आणि झाडं आधी जातील, नवी जागा वापरण्यासारखी व्हायच्या कितीतरी आधी. "फायनलला बघू" म्हणणाऱ्या ट्रस्टींना हे वाचून दाखवा.

कायद्याचं_बोला | रविवार, रात्री ११:४०

हायकोर्टातून स्टे आणा. विषय संपला.

नकाशेवाला | रविवार, रात्री ११:४६

मुदतीत हरकत न देता कोर्टात गेलात, तर पहिला प्रश्न हाच येईल की तिथे का नाही बोललात. आधी अर्ज, मग वकील.

टेम्स_ते_विश्वामित्री | सोमवार, पहाटे ३:१५

इथे लंडनला अजून झोपलो नाही, म्हणून लिहितो. आमच्या दक्षिण लंडनात अगदी असाच घोळ पाहिलाय. क्रिस्टल पॅलेस पार्कच्या एका कोपऱ्यात कॅराव्हान आणि तंबूंचा तळ होता. बाहेर पडलं की लंडनची साधी बस. ज्या काचेच्या महालावरून पार्कचं नाव पडलं तो १८५४ साली तिथे उभा केला आणि १९३६ साली जळाला, तेव्हापासून त्या पार्कचं काय करायचं यावर भांडण मिटलेलं नाही.

आराखडा असा होता की तळ हलवायचा, त्या जमिनीच्या काही भागावर घरं बांधून विकायची, त्या पैशातून पार्क दुरुस्त करायचं आणि बाकीची जमीन पार्कला जोडायची. स्थानिक लोक पेटून उठले, चौकशी झाली, २०१० च्या शेवटी सरकारने मंजुरी दिली, मग एक स्थानिक संस्था कोर्टात गेली. पण गंमत बघा. लोक भांडत होते घरांविरुद्ध, पार्कची जमीन विकण्याविरुद्ध. तळासाठी कोणी भांडत नव्हतं. काहींचं म्हणणं तर असं की कुंपण घालून पार्कचा तुकडा या गाडीवाल्यांना दिलाच का.

कारण साधं आहे. तळावर राहणारा माणूस उद्या निघून जातो. त्या वॉर्डात त्याचं मत नाही, घरपट्टी नाही, नगरसेवकाला फोन करायला तो थांबत नाही. तुमच्याकडेही तेच होणार. परिक्रमावाले येऊन अर्ज देतील का? तेव्हा तुमच्या बाजूने बोलणारे बडोद्यातले पालक आणि शाळा आत्ताच जमवा.

मांडवीची_माई | सोमवार, सकाळी ७:२०

टेम्सदादा, पटलं. मग मी सहीवाल्यांत पहिली.

रावपुऱ्याचा_राणा | सोमवार, सकाळी ९:०२

कोतराच्या कडेला म्हणजे मगरींचा शेजार. तंबूत शिरली तर तिच्याकडूनही दीडशे घेणार का?

सर्पमित्र_नाही | सोमवार, सकाळी ९:३०

राणा, मगरी विश्वामित्रीत, जिथे पाणी बारमाही आहे तिथे. कोतर बहुतेक कोरडं असतं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदी काळा घोड्याजवळ ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २६. तेव्हा मगरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सापडल्या हे खरं, पण त्यांना तिकडे पाण्याने नेलं, त्या काही फिरायला निघाल्या नव्हत्या. मादी उन्हाळ्यात काठाच्या मातीत अंडी घालते आणि पावसाच्या तोंडाला पिल्लं बाहेर येतात. तंबू लावायचा तर नदीकाठी नको, एवढंच.

अलकापुरी_एक्स्प्रेस | सोमवार, सकाळी १०:१०

सयाजीराव महाराज असते तर कमाटीबागेत एक कोपरा देऊन मोकळे झाले असते. १८७९ साली नदीच्या दोन्ही काठांवर एवढी बाग लोकांसाठी काढणारा माणूस, त्याला चार तंबूंची काय अडचण? आता बागेत संध्याकाळी चटई टाकली तरी शिट्टी वाजते.

सर्पमित्र_नाही | सोमवार, सकाळी १०:१४

आणि मग मगरी खरंच शेजारी.

मातीची_परीक्षा | सोमवार, दुपारी १:४५

मगर सोडा हो, कोतरच बघा. तंबूवाला, तुम्ही नकाशात क्षेत्रफळ मोजलंत, पण जागेवर जाऊन कडा पाहिलीत का?

मही नदीकडच्या बाजूला गोराडू माती, हाताला मऊ, पाण्याला कमकुवत. कोतराचं तोंड दर पावसाळ्यात मागे सरकतं. कडेपासून थोडं आत उभं राहून जमीन बघा. कडेला समांतर केसाएवढ्या भेगा दिसल्या आणि त्यांच्यात गवताची मुळं ताणलेली दिसली, तर पुढच्या एक-दोन जोरदार पावसांत तेवढी फळी खाली जाणार. ३१ जुलै २०१९ सारखा दिवस आला, जेव्हा शहरात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पडला, तर काय होईल ते सांगायला इंजिनियर लागत नाही. शेजारची सोसायटी आपलं पावसाचं पाणी पाइपाने कोतरात सोडत असेल तर तो पाइप नेमका कुठे तोंड काढतो तेही पाहा. बहुतेक वेळा खणण्याचं काम तोच करतो.

थोडक्यात, ५७०० चौरस मीटर कागदावर. कडेपासून अंतर सोडलं की तंबू लावण्याजोगी जागा किती उरते ते मोजा आणि तो आकडा अर्जात टाका.

कोतरकाठ_रहिवासी | सोमवार, रात्री ८:५०

धागा कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवला. मी त्याच सोसायटीत राहतो. नकाशावरून ओळखलं. आमची बाजूही ऐका.

आम्ही मुलांच्या विरुद्ध नाही. आमच्यातल्या निम्म्यांची मुलं अशाच शिबिरांना जातात. पण चार वर्षांपूर्वी आमच्या मागच्या शेतात "ओपन ग्रीन स्पेस" म्हणून एक जागा सुरू झाली. हिरवळ, दोन खाटा, एक बैलगाडी, फोटोला छान. सहा महिन्यांत पार्टी प्लॉट झाला. लग्नसराईत रात्री एकपर्यंत डीजे, खिडकीच्या काचा थरथरतात, सकाळी कोतरात थर्माकोलच्या डिश. तक्रार केली की त्या दिवसापुरता आवाज बंद, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, आम्हाला तो तोंडपाठ झालाय.

आता तुम्ही म्हणाल आमचं मंडळ तसं नाही. मान्य. पण ट्रस्टी बदलतात. खर्च निघेना की कोणीतरी म्हणतं, रिकाम्या दिवसांत लग्नाला देऊ. जमीन तुमची, एकदा आलात की आम्ही काय करणार?

दुसरं, गावातून येणारा रस्ता इतका अरुंद की शाळेची बस आणि ट्रॅक्टर समोरासमोर आले तर एकाला शेतात उतरावं लागतं. पन्नास मुलांच्या बस त्यावर आणणार? आजारी माणसाला न्यायचं झालं तर? गावाने वांधा घेतला तो मुख्यतः यासाठी.

बिनधास्त_बिल्डर | सोमवार, रात्री ९:०५

आला, मुद्दा आला. पार्टी प्लॉट हा शब्द काढला की अर्ध्या बडोद्याची झोप उडते.

तंबूवाला | सोमवार, रात्री ९:४४

कोतरकाठ, लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमच्या अर्जात "परके लोक" एवढंच होतं, त्याने आमच्या मीटिंगमध्ये आग लागली. पार्टी प्लॉटचं आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आमच्याकडे लाउडस्पीकर नाही, शिट्टी आहे. रात्री दहाला दिवे बंद. पण तुम्हाला शब्दावर विश्वास ठेवा म्हणत नाही, काय लेखी हवंय ते सांगा.

कोतरकाठ_रहिवासी | सोमवार, रात्री १०:१०

लग्न, रिसेप्शन, गरबा, कशालाही जागा भाड्याने द्यायची नाही. ट्रस्टचा ठराव, आणि मोडला तर काय होणार तेही त्यात. जनरेटर आमच्या भिंतीकडे नाही. शेकोटी फक्त एका ठरलेल्या जागी. आणि रस्ता रुंद झाल्याशिवाय बस नाही. बाकी तुम्ही पाहुणे आलात तर चहा पाजू.

आईचं_काळीज | सोमवार, रात्री १०:३५

मी पालक म्हणून लिहिते. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, त्यानंतर माझ्या मुलीच्या सहलीच्या संमतिपत्रावर सही करायला माझा हात धजत नाही. शहरातलं मैदान असलं की निदान वीस मिनिटांत पोहोचता येतं. लांब कोतराकाठी असेल तर बरेच पालक पाठवणारच नाहीत, हेही लिहा. कॅम्प हलवला म्हणजे कॅम्प करणारी मुलंही हललीच असं नाही.

अग्निशामक_आप्पा | मंगळवार, सकाळी ८:१५

आईताईंशी सहमत. एक भर. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनला आग लागली, २७ जण गेले. पत्र्याचं तात्पुरतं शेड होतं, फायर एनओसी नव्हती. तेव्हापासून "तात्पुरतं आहे साहेब" हे वाक्य कोणत्याही टेबलावर चालत नाही, आणि चालूही नये.

तेव्हा नव्या जागी पत्र्याचं मोठं शेड दाखवू नका. गॅसच्या बाटल्या उघड्यावर, जाळीच्या आत, तंबूंपासून लांब. तंबूंच्या रांगांमध्ये माणूस पळू शकेल एवढी वाट, आणि दोर तिच्यात यायला नकोत. अंधारात पाय अडकतो तो दोरातच. बाहेर पडायला दोन फाटकं, सोसायटीच्या बाजूला मात्र नको. सुक्या गवताची पट्टी मार्चच्या आधी कापून टाका. हे सगळं साध्या नकाशावर काढून अर्जाला जोडा, शेजाऱ्यांच्या शेकोटीच्या भीतीलाही तेच उत्तर.

कायद्याचं_बोला | मंगळवार, सकाळी ९:००

मी अजूनही म्हणतो स्टे.

रावपुऱ्याचा_राणा | मंगळवार, सकाळी ९:०१

याला कोणीतरी एक स्टे द्या रे.

वाडीतला_व्यायामपटू | मंगळवार, दुपारी १२:२०

अवांतर होईल, पण या शहरात मोकळ्या जागेवर संस्था उभ्या राहिल्या म्हणूनच आपण मराठी लोक इथे दिसतो. दांडियाबाजारातलं जुम्मादादा व्यायाममंदिर घ्या, प्रोफेसर माणिकरावांचं नाव घेतलं की आजही म्हातारी माणसं सरळ बसतात. लाठी, मल्लखांब, कवायत, सगळं मैदानावर. आखाडा एकदा शहराबाहेर गेला की त्याचं रिसॉर्ट होतं. बिल्डरभाईंचे तारे मला नकोत.

बिनधास्त_बिल्डर | मंगळवार, दुपारी १२:४१

दादा, त्याच आखाड्यांत शिकलोय मी पण. माझं म्हणणं एवढंच की भावनेवर एफपी मिळत नाही.

नकाशेवाला | मंगळवार, रात्री ९:३०

बिल्डरभाईंचं हे वाक्य फ्रेम करून ट्रस्टच्या ऑफिसात लावा. आता मूळ प्रश्नाकडे. मी अर्ज लिहिला असता तर असा:

वर सर्व्हे नंबर, ओपी नंबर, क्षेत्रफळ, ट्रस्टचा नोंदणी क्रमांक. पहिली मागणी: एफपी मूळ जागीच द्यावा. रस्ता हवाच असेल तर तो मैदानाच्या उत्तरेच्या जुन्या गाडीवाटेवरून न्यावा (गाडीवाट आहे ना? सत्तरच्या दशकातल्या शेतांना असतेच), तसा लाल पेनाने काढलेला भाग नकाशा सोबत. दुसरी: स्कीममध्ये बाग आणि मोकळ्या जागेसाठी ५ टक्क्यांपर्यंत जमीन काढता येते, ती निंबाच्या रांगेवर आणि तुमच्या एफपीला लागून ठेवावी. झाडं त्यांच्या बागेत गेली तरी सावली तुमच्या तंबूंवर पडेल. हा मुद्दा मान्य करायला कचेरीलाही जड जात नाही, बाग कुठेतरी दाखवायचीच असते.

तिसरी, पहिल्या दोन नाहीच झाल्या तर: कोतराची कडा सोडून प्लॉट द्यावा, रुंद पोचरस्ता आधी व्हावा आणि नवी जागा वापरण्याजोगी होईपर्यंत जुन्या जागेचा ताबा घेऊ नये. इथे मातीवाल्यांचा आकडा आणि आप्पांचा नकाशा जोडा.

आणि आता खरी खेळी. कोतरकाठ, तुमच्या सोसायटीनेही नवा अर्ज द्यावा: कॅम्पला विरोध म्हणून नाही, तर "हा प्लॉट या वापराला योग्य नाही, संस्थेला मूळ जागीच ठेवावं" म्हणून. दोन विरुद्ध बाजूंनी एकच मागणी आली की सुनावणीत साहेब चष्मा काढून बघतो.

कोतरकाठ_रहिवासी | मंगळवार, रात्री ९:५८

हे आमच्या कमिटीला पटेल असं वाटतं. गावाचं मला सांगता येत नाही, सरपंचांशी बोलतो. पण तंबूवाला, ठरावाची अट कायम. शेवटी आलातच इकडे, तर ठराव आधी.

तंबूवाला | बुधवार, सकाळी ७:१०

मान्य. ठरावाचा मसुदा रविवारच्या मीटिंगला ठेवतोय, एका ट्रस्टींनी आधीच तोंड वाकडं केलंय, लग्नाच्या भाड्याचं गणित त्यांच्याच डोक्यात होतं असं आता कळतंय. गाडीवाट आहे, नकाशेवाले काका, पण तिच्यावर एका इमारतीने कंपाउंडची भिंत सरकवली आहे.

नकाशेवाला | बुधवार, सकाळी ७:३२

मग मोजणीचा जुना नकाशा काढा, भिंत कुठे आहे हे त्यांना सिद्ध करू दे. अर्ज दोन प्रतींत, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शुक्रवारी दुपारनंतर जाऊ नका.

मांडवीची_माई | बुधवार, सकाळी ८:०५

सह्या कुठे करायच्या ते कोणी सांगेल का? आमच्या वाड्यातल्याच तीस-चाळीस होतील, आणि दोन शाळांच्या बाईंशी बोलले आहे.